ठिपक्याआडचं बिऱ्हाड

युनिक्स किंवा लिनक्सवर काम करणाऱ्या माणसाला एक गोष्ट सुरुवातीलाच कळते: फाइलच्या नावाआधी ठिपका दिला, की ती यादीत दिसत नाही. '.बॅशआरसी', '.व्हिमआरसी', '.गिटकॉन्फिग' अशा नावांच्या फायली नजरेआड राहतात आणि तिथूनच संगणकानं आपल्याशी कसं वागायचं ते ठरवतात. इतकी सुटसुटीत सोय कुणीतरी विचार करून आखली असणार, असं वाटतं. प्रत्यक्षात ती एका घाईत लिहिलेल्या ओळीतून आली.

न्यू जर्सीतल्या मरे हिलच्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९मध्ये युनिक्सचं काम सुरू केलं. पुढे फायलींची रचना नव्यानं बांधताना प्रत्येक डिरेक्टरीत दोन खास नोंदी आल्या. एक ठिपका म्हणजे हीच डिरेक्टरी आणि दोन ठिपके म्हणजे हिच्या वरची. फायलींची यादी दाखवणारी 'एलएस' ही आज्ञा दिली, की या दोन नोंदीही दर वेळी यादीत दिसू लागल्या. त्या वगळायला हव्या होत्या. पुढे बेल लॅब्जमध्येच काम केलेल्या रॉब पाइक यांनी २०१२मध्ये ही हकिगत लिहिली. त्यांच्या सांगण्यानुसार थॉम्प्सन किंवा रिची यांच्यापैकी कुणीतरी 'एलएस'मध्ये एक छोटी तपासणी घातली: नावाचं पहिलं अक्षर ठिपका असेल, तर ती नोंद सोडून दे. खरं तर पूर्ण नाव तपासायला हवं होतं. पहिलंच अक्षर तपासल्यामुळे ठिपक्यानं सुरू होणारी कुठलीही फाइल यादीतून गळू लागली, आणि लपलेली फाइल ही कल्पना जन्माला आली.

या फायलींचं काम मात्र ठिपक्याहून जुनं आहे. केंब्रिजच्या एमआयटीत फर्नांडो कॉर्बातो यांच्या गटानं १९६१मध्ये 'सीटीएसएस' ही व्यवस्था दाखवली. एकाच मोठ्या संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करायचं, हा तिचा गाभा. तिथे फ्रेंच अभियंता लुई पूझँ यांनी 'रनकॉम' नावाची सोय लिहिली. रोज त्याच त्या आज्ञा टाइप करण्यापेक्षा त्या एका फाइलमध्ये लिहून ठेवायच्या आणि फाइलच चालवायची, इतकंच तिचं काम होतं. आजच्या '.बॅशआरसी'च्या शेवटची 'आरसी' ही अक्षरं या रनकॉमपासून आली.

१९७९ साली युनिक्सची सातवी आवृत्ती आली. तिच्यात स्टीफन बोर्न यांचं शेल होतं, म्हणजे माणसाच्या आज्ञा वाचून त्या संगणकाकडून करून घेणारा प्रोग्रॅम. लॉगिन होताच ते प्रत्येकाच्या होम डिरेक्टरीतली '.प्रोफाइल' वाचू लागलं. त्याच सुमारास बर्कलीत बिल जॉय यांचं सी शेल पसरत होतं. त्याच्या फायली '.सीएसएचआरसी' आणि '.लॉगिन'. जॉय यांच्याच 'व्हीआय' या संपादकाची '.ईएक्सआरसी', रिचर्ड स्टॉलमन यांच्या जीएनयू ईमॅक्सची '.ईमॅक्स'. प्रत्येक नव्या प्रोग्रॅमनं होम डिरेक्टरीत आपली एक ठिपकेवाली फाइल ठेवायची, अशी रीतच पडली. नियम कुणी काढला नव्हता. शेजारच्यानं केलं म्हणून पुढच्यानं केलं.

या फायलींत काय असतं? लांबलचक आज्ञेला दिलेलं दोन अक्षरी टोपणनाव. कर्सर जिथे उभा राहतो तिथे आधी काय दिसावं याची ओळ. संपादकात टॅब दाबल्यावर किती जागा सोडायची, ओळींना क्रमांक द्यायचे की नाही, कुठली कळ कशाला जोडायची. एकेक ओळ किरकोळ, पण ती कुठल्या तरी अडचणीतून आलेली असते. चुकून फाइल पुसली गेली म्हणून पुसण्याआधी विचारणारी ओळ आली. रोज तीच आज्ञा लिहून हात दुखला म्हणून टोपणनाव आलं. दहा वर्षं काम केलेल्या माणसाची अशी फाइल वाचली, तर तो काय काम करतो, कुठे अडखळतो आणि कशाला कंटाळतो, हे सगळं उलगडत जातं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसं संगणकावर काम करणाऱ्याचं हे बिऱ्हाड असतं. संगणक एकच होता तोवर ते उचलून न्यायचा प्रश्न नव्हता.

संगणक वाढले तेव्हा पहिलं उत्तर संस्थांनी दिलं. एमआयटीनं १९८३मध्ये डिजिटल आणि आयबीएम या कंपन्यांच्या साथीनं 'प्रोजेक्ट अथेना' सुरू केला. आवारात ठिकठिकाणी वर्कस्टेशनं, आणि विद्यार्थी कुठल्याही वर्कस्टेशनवर बसला तरी त्याच्या फायली नेटवर्कवरून त्याच्यासमोर हजर. केर्बेरॉस ही ओळख पटवण्याची पद्धत आणि एक्स विंडो ही खिडक्यांची व्यवस्था याच प्रकल्पातून आली. १९८४मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सनं 'एनएफएस' बनवलं, आणि दूरच्या सर्व्हरवरची डिरेक्टरी आपल्याच यंत्रावर असल्यासारखी वापरण्याची सोय इतर विद्यापीठांत आणि कंपन्यांतही पोचली.

इथे फाइल एकच होती, फक्त माणूस हलत होता. तरी अडचणी आल्याच. अथेनात डिजिटलचे व्हॅक्स संगणकही होते आणि आयबीएमचे आरटीही. एकीकडे चालणारा प्रोग्रॅम दुसरीकडे चालत नसे, म्हणून यंत्र कुठलं आहे ते आधी विचारणाऱ्या ओळी फायलींत शिरल्या. दुसरा पेच असा, की संस्थेला सगळ्यांसाठी एक ठरावीक फाइल हवी आणि प्रत्येकाला आपले बदलही हवे. अथेनानं तोडगा काढला. मूळ '.सीएसएचआरसी' संस्थेची. तिनं शेवटी विद्यार्थ्याची '.सीएसएचआरसी.माइन' वाचायची, आणि विद्यार्थ्यानं जे काही करायचं ते या दुसऱ्या फाइलमध्ये करायचं. सामायिक भाग वेगळा आणि स्वतःचा वेगळा, ही वाटणी आजच्या साधनांतही जशीच्या तशी सापडते.

दरम्यान दुसरीकडे एक वेगळी गोष्ट घडत होती. तिचा या फायलींशी तेव्हा काडीचा संबंध नव्हता. प्रोग्रॅममध्ये कोणी, कधी, काय बदललं हे ठेवायचं कसं? बेल लॅब्जमधल्या मार्क रॉचकाइंड यांनी १९७२मध्ये 'एससीसीएस' हे साधन लिहिलं. फाइलची प्रत्येक आवृत्ती त्यातून पुन्हा काढता येई आणि प्रत्येक बदलामागे कारण लिहिता येई. दहा वर्षांनी, १९८२मध्ये, पर्ड्यू विद्यापीठातल्या वॉल्टर टिची यांचं 'आरसीएस' आलं. त्यात ताजी आवृत्ती पूर्ण साठवायची आणि मागच्या आवृत्त्या 'इथून मागे जायला काय बदलायचं' अशा फरकांच्या रूपात ठेवायच्या, त्यामुळे ताजी फाइल झटकन मिळे. पण आरसीएस एकेका फाइलचा हिशेब ठेवी, तोही एकाच यंत्रावर. एक जण फाइलला कुलूप लावून काम करी, तोवर दुसरा थांबे.

हे थांबणं ॲम्स्टरडॅमच्या फ्राये विद्यापीठातल्या डिक ग्रून यांना परवडेना. १९८४-८५मध्ये ते दोन विद्यार्थ्यांबरोबर सी भाषेच्या कंपायलरवर काम करत होते. एक विद्यार्थी दहा-पाचच्या नोकरीसारखा येणारा, दुसऱ्याच्या वेळेचा नेम नाही, आणि ग्रून यांना स्वतःला फक्त संध्याकाळ मोकळी. तिघांनी एकाच वेळी आपापल्या प्रतींवर काम करावं आणि बदल नंतर एकत्र जुळवावे, यासाठी त्यांनी आरसीएसवर काही स्क्रिप्ट रचल्या आणि १९८६मध्ये त्या सगळ्यांसाठी खुल्या केल्या. त्यातूनच 'सीव्हीएस' उभं राहिलं. १९८९मध्ये ब्रायन बर्लिनर यांनी ते सी भाषेत नव्यानं लिहिलं. पुढे ते नेटवर्कवरूनही चालू लागलं.

वेळा न जुळणाऱ्या तिघांसाठी बनलेलं हे साधन एकट्या माणसालाही का हवंसं वाटलं, हे समजायला नव्वदीचं दशक पाहावं लागतं. १९९१मध्ये लिनक्स आलं आणि युनिक्ससारखी व्यवस्था घरच्या पीसीवर चालू लागली. घरी एक यंत्र, कामावर दुसरं, मग लॅपटॉप, शिवाय कुठल्या तरी सर्व्हरवर खातं. अथेनासारखा सामायिक सर्व्हर इथे नव्हता. यंत्रं वेगवेगळ्या मालकांची होती आणि डायल-अपच्या काळात ती कायम जोडलेलीही नसत. माणूस घरी '.बॅशआरसी' सुधारी, कामावर दुसरी ओळ घाली, आणि महिन्याभरात दोन्ही फायलींची तोंडं दोन दिशांना होत.

१९९६मध्ये अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी 'आरसिंक' काढलं. दोन यंत्रांवरच्या फायलींतला फक्त बदललेला भाग पाठवायचा, ही त्याची करामत. मंद मोडेमवर ते वरदान ठरलं. पण ते साध्या वापरात एका बाजूची प्रत दुसरीकडे नेतं. दोन्ही बाजूंना बदल झाले असतील तर दोन्ही राखून ते एकत्र जुळवणं हे त्याचं काम नाही, आणि गेल्या महिन्यात ही फाइल कशी होती हेही त्याला माहीत नसतं. चुकीच्या दिशेनं आज्ञा दिली, की ताजी फाइल जुन्या फाइलखाली दडपली जाई.

जोई हेस हे डेबियन या लिनक्सच्या वितरणासाठी वर्षानुवर्षं काम केलेले प्रोग्रॅमर. सप्टेंबर २००२च्या 'लिनक्स जर्नल'मध्ये त्यांचा लेख आला, आणि त्याचा विषयच होता आपलं आयुष्य सीव्हीएसमध्ये ठेवणं. हेस यांनी दोन-चार सेटिंगच्या फायलींवर न थांबता आपली होम डिरेक्टरीच सीव्हीएसच्या हवाली केली होती. नव्या यंत्रावर गेलं की घर उतरवून घ्यायचं, काम करायचं, बदल नोंदवायचे, दुसऱ्या यंत्रावर ते ओढून घ्यायचे. जिथे जिथे घर उतरलं तिथे तिथे आपोआप प्रतही राहिली, त्यामुळे बॅकअपचा प्रश्नही बराचसा सुटला. शिवाय मागे जाता येत होतं. काल चालणारा संपादक आज का अडतो, याचं उत्तर दोन आवृत्त्यांतल्या फरकात सापडत होतं.

अडचणीही खऱ्या होत्या. सीव्हीएस प्रत्येक डिरेक्टरीत 'सीव्हीएस' नावाची एक डिरेक्टरी ठेवी, त्यामुळे घराचा एकही कोपरा तिच्याशिवाय राहत नसे. फाइलचं नाव बदललं, तर तिचा इतिहास सरळपणे सोबत येत नसे. २००४मध्ये पहिली पक्की आवृत्ती निघालेल्या सबव्हर्जननं नाव बदलण्याचा प्रश्न सोडवला, पण प्रत्येक डिरेक्टरीत आपली लपलेली डिरेक्टरी ठेवण्याची सवय त्यानंही २०११पर्यंत सोडली नाही. आणि दोन्हींत इतिहास असे तो सर्व्हरवर. रेल्वेत बसून '.व्हिमआरसी' सुधारली, तर नोंद करायला नेटवर्क मिळेपर्यंत थांबावं लागे. हेस स्वतः पुढे सीव्हीएसवरून सबव्हर्जनवर आणि तिथून गिटवर गेले.

गिट या कामासाठी जन्माला आलं नाही. लिनक्सच्या कर्नलचं, म्हणजे गाभ्याचं, काम २००२पासून 'बिटकीपर' या खासगी साधनावर चालत होतं. कंपनीनं ते काही अटींवर फुकट दिलं होतं. २००५मध्ये ट्रिजेल यांनी बिटकीपरच्या सर्व्हरशी बोलू शकेल असं खुलं साधन लिहायला घेतलं आणि कंपनीनं फुकटची परवानगी काढून घेतली. आरसिंकवाले तेच हे ट्रिजेल. लिनस टॉरवाल्ड्स यांनी ३ एप्रिल २००५ला स्वतःचं साधन लिहायला सुरुवात केली आणि ७ एप्रिलला गिट स्वतःचाच इतिहास स्वतःत ठेवू लागलं. जूनमध्ये कर्नलची २.६.१२ ही आवृत्ती गिटवरून निघाली. जुलैमध्ये टॉरवाल्ड्स यांनी गिटची देखभाल जुनिओ हमानो यांच्याकडे सोपवली. ती आजही त्यांच्याकडेच आहे.

जगभरातल्या असंख्य प्रोग्रॅमरांचे बदल सांभाळायला बनलेलं हे साधन एका माणसाच्या वीस-पंचवीस फायलींना नेमकं बसलं. संपूर्ण इतिहास प्रत्येक प्रतीसोबतच येतो, त्यामुळे नेटवर्क नसलं तरी नोंद करता येते. सगळा हिशेब वरच्या एकाच '.गिट' डिरेक्टरीत राहतो. दोन यंत्रांवर वेगवेगळे बदल झाले तर ते जुळवणं हे तर त्याचं मूळ कामच. शिवाय सर्व्हर हवाच असं नाही. पेनड्राइव्हवरची प्रतही चालते.

होम डिरेक्टरी गिटमध्ये ठेवायची कशी, यावर मात्र बरीच वर्षं मतं जुळली नाहीत. सरळ मार्ग म्हणजे घरालाच रिपॉझिटरी, म्हणजे गिट इतिहास ठेवतं ते भांडार, करायचं. यात धोका आहे. गिटमध्ये न नोंदलेल्या फायली साफ करणारी एक आज्ञा आहे. ती घरात चुकून चालवली, तर फोटो, कागदपत्रं, सगळं जाऊ शकतं. शिवाय घरातल्या कुठल्याही फोल्डरमध्ये उभं राहून गिटची आज्ञा दिली, तरी त्याला आपण याच मोठ्या रिपॉझिटरीत आहोत असं वाटतं.

दुसरा मार्ग दुव्यांचा. खऱ्या फायली एका वेगळ्या फोल्डरमध्ये, तो फोल्डर गिटमध्ये, आणि घरात त्या फायलींकडे बोट दाखवणारे सिमलिंक. या मार्गाला 'जीएनयू स्टो' हे साधन कामी आलं. तेही दुसऱ्याच कामासाठीचं. बॉब ग्लिकस्टीन यांनी ते १९९३मध्ये लिहिलं. कार्नेगी मेलन विद्यापीठातला 'डेपो' हा प्रोग्रॅम त्यामागची प्रेरणा होता. एका यंत्रावर बसवलेली वेगवेगळी सॉफ्टवेअर एकमेकांत न मिसळता वेगळी ठेवायची आणि दुव्यांनी एकत्र दाखवायची, हे स्टोचं मूळ काम. सॉफ्टवेअरच्या जागी '.व्हिमआरसी' ठेवली तरी ते तितकंच नीट चालतं, हे लोकांच्या जवळजवळ दोन दशकांनी लक्षात आलं.

तिसरा मार्ग २०१६च्या सुमारास खूप पसरला. फायली जिथल्या तिथे राहू द्यायच्या, फक्त गिटचा हिशेब 'बेअर' म्हणजे निव्वळ इतिहासाच्या रिपॉझिटरीत दुसऱ्या नावाखाली ठेवायचा, आणि न नोंदलेल्या फायली दाखवू नको असं गिटला सांगायचं. एक टोपणनाव आणि दोन-तीन आज्ञांत काम होतं. जादा साधन लागत नाही, दुवेही लागत नाहीत. त्याआधीच, २०११मध्ये, रिचर्ड हार्टमान यांच्या 'व्हीसीएसएच'नं या कल्पनेला पुढे नेलं होतं. एकाच घरात अनेक रिपॉझिटरी: संपादकाची एक, मेलची एक, शेलची एक. सर्व्हरवर फक्त शेल आणि संपादक उतरवायचं, मेल घरच्या यंत्रावरच राहू द्यायचं.

एप्रिल २००८मध्ये गिटच्या रिपॉझिटरी ठेवण्याचं गिटहब हे संकेतस्थळ सर्वांना खुलं झालं, आणि आतापर्यंत ज्याचं त्याच्यापाशी असलेलं हे बिऱ्हाड लोकांसमोर मांडलं जाऊ लागलं. सार्वजनिक रिपॉझिटरी फुकट होती, म्हणून फायली तिथेच ठेवणं सोयीचं. एका ठिकाणी ठेवल्या की दुसऱ्यांना दिसल्या, आणि दिसल्या की लोक वाचू लागले. त्याच सुमारास, २००९मध्ये, रॉबी रसेल यांनी आपलं झेड शेलचं सेटिंग सहकाऱ्यांना वापरता यावं म्हणून 'ओह माय झेडएसएच' प्रसिद्ध केलं. त्याचं रूपांतर हजारो लोकांनी भर घातलेल्या एका मोठ्या प्रकल्पात झालं. गिटहबमध्ये काम करणारे झॅक होल्मन यांनी ऑगस्ट २०१०मध्ये जाहीरपणे मांडलं, की या फायली दुसऱ्यांनी उचलून, बदलून स्वतःच्या करण्यासाठीच आहेत. त्यांची मांडणी विषयवार होती. रुबीचं सगळं एका फोल्डरमध्ये, गिटचं दुसऱ्यात. घेणाऱ्यानं हवा तो फोल्डर घ्यावा. बेल्जियमच्या माथियास बिनेन्स यांनी मॅकची शेकडो सेटिंग्ज आज्ञांच्या एकाच फाइलमध्ये लिहून काढली, आणि नवा मॅक घेतलेल्या असंख्य लोकांनी ती फाइल उघडून आपल्याला हव्या त्या ओळी निवडल्या.

इतकं मोकळं शिक्षण संगणकाच्या जगातही फार कमी ठिकाणी मिळतं. पुस्तकात आज्ञा कळते, पण रोजच्या कामात ती कशी वापरावी हे जाणत्याच्या शेजारी बसल्याशिवाय कळत नाही. बेल लॅब्जमध्ये किंवा बर्कलीत ते शेजारी बसून कळत होतं. लहान गावातल्या, शेजारी कुणीच नसलेल्या विद्यार्थ्याला अनुभवी प्रोग्रॅमरच्या '.व्हिमआरसी'ची ओळन् ओळ वाचता येते, आणि ती ओळ कधी व कशासाठी आली हे नोंदींतून पाहता येतं.

उघड्यावर ठेवण्याची किंमतही लवकरच कळली. जानेवारी २०१३मध्ये गिटहबनं नवा शोध सुरू केला. त्यात नेमकं नाव टाकताच लोकांनी चुकून चढवलेल्या, दूरच्या यंत्रात शिरण्यासाठीच्या खासगी एसएसएच किल्ल्या ढिगानं समोर आल्या. या किल्ल्या राहतात त्या '.एसएसएच' डिरेक्टरीत. तिच्याही नावाआधी ठिपकाच आहे, आणि ठिपक्याच्या सगळ्या फायली उचलून चढवणाऱ्यांनी तीही चढवली होती. शोधाची सोय काही काळ बंद पडली. पुढे नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९मध्ये सार्वजनिक रिपॉझिटरी तपासल्या. एक लाखाहून अधिक रिपॉझिटरींत गुप्त किल्ल्या उघड्या पडलेल्या आढळल्या आणि रोज हजारो नव्यांची भर पडत होती. त्यातल्या सगळ्या काही सेटिंगच्या फायलींतून गळलेल्या नव्हत्या, पण इशारा या फायलींनाही तितकाच लागू होता. गिट विसरत नाही, हेच त्याचं बळ. म्हणूनच पुढच्या नोंदीत किल्ली पुसली तरी मागच्या नोंदीत ती राहतेच, आणि किल्ली बदलण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

गुपितं जपण्याच्या आणि यंत्रागणिक फाइल बदलण्याच्या गरजेतून मुद्दाम या कामासाठी घडवलेली साधनं आली. २०१५मध्ये 'याडम' आलं. ते बेअर रिपॉझिटरीच्या कल्पनेवर उभं आहे. लिनक्ससाठीची फाइल वेगळी आणि मॅकसाठीची वेगळी ठेवून योग्य ती निवडतं, आणि खासगी फायली कुलूपबंद करून साठवतं. २०१८मध्ये टॉम पेन यांचं 'शेमुआ' आलं. त्यात फाइल साच्याच्या रूपात लिहायची. कामाच्या यंत्रावर कामाचा ईमेल, घरी घरचा, आणि पासवर्ड मुळात रिपॉझिटरीत ठेवायचाच नाही, तो लागेल तेव्हा पासवर्ड मॅनेजरकडून आणायचा. नेदरलँड्समध्ये एल्को डोल्स्ट्रा यांच्या संशोधनातून आलेल्या 'निक्स'वर 'होम मॅनेजर' उभं राहिलं. त्यात फायलींबरोबर प्रोग्रॅमही लिहून ठेवायचे. घरात काय काय हवं ते एका ठिकाणी मांडलं, की घर तसं रचून मिळतं आणि बिघडलं तर मागच्या रचनेवर परतता येतं.

मराठीत काम करणाऱ्या लिनक्स-वापरकर्त्याला हे सारं परकं वाटायचं कारण नाही. देवनागरी टाइप करण्यासाठी लिनक्सवर बऱ्याचदा वापरली जाणारी 'एम१७एन' ही व्यवस्था जपानमधल्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत घडली. तिच्यात मराठीसाठी इनस्क्रिप्ट, गमभन अशा कळरचना आहेत. एखादी कळ आपल्या बोटांना सोयीची नसेल, तर स्वतःची रचना लिहून होम डिरेक्टरीतल्या '.एम१७एन.डी'मध्ये ठेवता येते. फाँटचंही तसंच. मराठीतला ल आणि श हिंदीच्या छपाईतल्याहून वेगळे. संगणकानं मराठी मजकुराला मराठी वळणाचाच फाँट निवडावा, असं '.कॉन्फिग'मधल्या फाँटकॉन्फिगच्या फाइलमध्ये सांगता येतं. तारखा, महिने, वारांची नावं मराठीत हवी तर '.प्रोफाइल'मध्ये मराठी लोकेल निवडणारी ओळ घालायची. कळरचना, फाँट आणि लोकेल मिळून मोजक्याच ओळी. पण त्या शोधायला अनेकदा दिवस जातात, आणि यंत्र बदलल्यावर त्या पुन्हा शोधाव्या लागू नयेत, म्हणून त्या गिटमध्ये असाव्यात.

हे सगळं जमलं ते एका साध्या निवडीमुळे. युनिक्सवाल्यांनी सेटिंग्ज वाचता येईल अशा मजकुरात ठेवली. विंडोजमध्ये १९९२ला रजिस्ट्री आली, विंडोज ९५नं ती मध्यवर्ती केली, आणि सेटिंग्ज एका बंदिस्त स्वरूपाच्या कोशात गेली. त्यातल्या दोन आवृत्त्यांत काय बदललं ते सहज वाचता येत नाही, त्यामुळे इतिहास ठेवायची रीतही तिथे या प्रमाणात रुजली नाही. मायक्रोसॉफ्टचाच व्हिज्युअल स्टुडिओ कोड २०१५मध्ये आला तेव्हा त्याची सेटिंग्ज पुन्हा मजकुराच्या फाइलमध्ये होती. त्याच्या जोडीला २०२०मध्ये खात्यावरून आपोआप जुळवणीची सोयही आली. ती अनेकांना पुरते. पण एखादी ओळ का घातली हे लिहून ठेवायला आपल्या शब्दांतली नोंदच लागते. गिटमधली 'प्रोजेक्टरवर अक्षरं दिसत नव्हती म्हणून रंग बदलले' अशी एक ओळ पाच वर्षांनी त्याच माणसाच्या उपयोगी पडते.

ठिपक्यांच्या गर्दीवर नाराज असणारेही आहेत. पाइक यांची तक्रार होती, की आपल्या घरात अशा शंभरेक फायली साठल्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक कशाच्या आहेत हेही आपल्याला ठाऊक नाही. या फायलींचा उपयोग त्यांना मान्य होता. त्या एखाद्या साध्या, दिसणाऱ्या फोल्डरमध्ये राहू शकल्या असत्या, आणि बेल लॅब्जच्या नंतरच्या 'प्लॅन ९' या व्यवस्थेत त्या तशा ठेवल्याही होत्या, असं त्यांचं म्हणणं. २००३च्या एक्सडीजी संकेतानं सेटिंग्जसाठी '.कॉन्फिग' ही एक जागा नेमून दिली. गिट २०१२पासून आणि ईमॅक्स २०२०पासून ती जागा पाहतात. बॅश मात्र आजही घराच्या दारातली '.बॅशआरसी'च वाचतं.

आता यंत्राचं आयुष्यच बदललं आहे. गिटहबनं २०२०मध्ये जाहीर केलेल्या कोडस्पेसेसमध्ये संगणक दूरच्या केंद्रात काही मिनिटांत तयार होतो आणि काम संपलं की मोडला जातो. तो तयार होताना वापरणाऱ्याची सेटिंगची रिपॉझिटरी उतरवून तिच्यातली मांडणीची स्क्रिप्ट चालवण्याची सोय त्यातच दिलेली आहे. कित्येकांच्या '.व्हिमआरसी'नं पाच-सहा यंत्रं मागे टाकलेली असतात. त्यामुळे हे लोक आपल्या रिपॉझिटरीला चाचण्याही जोडतात: प्रत्येक बदलानंतर एक कोरं उबुंटू आणि एक कोरा मॅक उभा राहतो, स्क्रिप्ट त्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत चालते, आणि एखादा दुवा चुकला किंवा एखादं साधन मिळेनासं झालं, तर नवा लॅपटॉप हातात पडायच्या कितीतरी आधी ते कळतं.